भांडत नाहीत ती जोडी

सूनबाई खिडकीकडची भिंत मोजायला लागली तेव्हा माझं मशीन चालता चालता थांबलं. मी मशीनवर बसले होते, समोर शाळेच्या गणवेशांच्या बाह्यांचा ढीग, आणि ही माझाच टेप माझ्याच गळ्यातून काढून घेऊन भिंतीला लावतेय. लांबी मोजली, उंची मोजली, मग माझ्याकडे वळून म्हणते कशी, "आई, तुमचं मशीन जरा इकडे सरकवलं तर चालेल?"

चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? उठले आणि तिच्याबरोबर मशीन ढकलायलाही लागले. मनात मात्र म्हटलं, झालं, हिला कळलं. ही आता सामान हलवणार.

कळलं म्हणजे काय, ते सांगते. त्याच आठवड्यात चिरंजीवांचा फोन आला होता. चिरंजीव म्हणजे माझा एकुलता एक. लोकांच्या सुना घर सोडून जातात, आमच्याकडे मुलगा गेला. दुसऱ्या एका बाईबरोबर संसार थाटायला म्हणून गेला, आणि सून राहिली इथेच, माझ्याजवळ. का राहिली ते मी कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. आधी वाटलं, नोकरी जवळ पडते म्हणून असेल. रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे ती. मग वाटलं, माहेरी भाऊ-भावजय, जाणार कुठे. पुढे पुढे काही वाटायचंच बंद झालं. सकाळी ती चहा करायची, मी डबा भरायचे. संध्याकाळी ती भाजी आणायची, मी चिरायचे. त्याचं नाव काढायचं नाही हा एकच नियम, आणि तोही कुणी ठरवलेला नाही. अळीमिळी गुपचिळी.

तर चिरंजीव फोनवर म्हणाले, "आई, माझं तिकडचं संपलं. मी घरी यायचं म्हणतोय."

"घरी म्हणजे?"

"म्हणजे आपल्या घरी. तू तिच्याशी बोल. म्हणावं, झालं गेलं विसर. आणि नसेलच जमत तर तिने तिचं बघावं."

मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. आता मुलगा परत येतोय म्हटल्यावर आईला आनंद व्हायला हवा की नको? झाला ना. खोटं कशाला बोलू? पण त्याच्या पाठोपाठ अशी काही धास्ती बसली की सुई कापडातून जायच्या ऐवजी माझ्या बोटात गेली. तो आला तर ही जाणार. ही राहायला हवी असेल तर पोटच्या पोराला येऊ नको म्हणायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची तरी कुणाकडे? तिला सांगायचं म्हणून रोज जेवताना तोंड उघडायचे आणि रोज "मीठ बरोबर आहे ना गं?" असलं काहीतरी विचारून बंद करायचे.

आणि त्यात ही भिंत मोजतेय.

दोन दिवसांनी दोन माणसं धापा टाकत जिना चढून आली. त्यांच्या हातात ही एवढी मोठी काचेची टाकी. मागून लोखंडी स्टँड आला, त्यावर टाकायला प्लायवूड आलं, प्लायवूडवर अंथरायला थर्मोकोल आलं.

"थर्मोकोल कशाला?" मी विचारलं. विचारायचं होतं भलतंच.

"खाली एखादा बारीक खडा राहिला तरी काच तडकते. थर्मोकोल असला की भार सारखा पडतो."

"आणि यात ठेवणार काय?"

"एंजल मासे. सिक्लिड म्हणून कुळ आहे ना, त्यातले. जोडी लावायची आणि पिल्लं काढायची."

तिने बादल्या भरभरून पाणी ओतलं. मी नुसती बघत राहिले. ज्याला जायचं असतं तो बॅगा आणतो, टाकी आणत नाही. एवढं पाणी कुणी घेऊन जातं का कुठे? मला इतकं हलकं वाटलं की मी उठून शिरा... छे, शिरा कुठला, चहाच केला, पण दोघींना भरपूर साखर घालून. चहा संपेपर्यंत मात्र दुसरी शंका डोक्यात शिरली. जोडी लावायची म्हणतेय, पिल्लं काढायची म्हणतेय. म्हणजे हिला तो येणार हे कळलंय, आणि हवाही आहे की काय? पुन्हा संसार मांडायचा बेत आहे की काय? तसं असेल तर मी कशाला रात्रंदिवस जीव जाळतेय? विचारायला गेले आणि विचारलं काय, तर "या हीटरने वीज किती जळते गं?"

पुढचे कितीतरी दिवस टाकीत एकही मासा नव्हता. पंप बुडबुडे काढतोय, हीटरचा लाल दिवा लागतोय, विझतोय, स्पंजच्या फिल्टरमधून पाणी वरखाली होतंय, आणि आत कोण? कोणी नाही. मला वाटलं, विसरली आणायला.

"पाणी तयार व्हायला लागतं, आई," ती म्हणाली. "त्या स्पंजमध्ये चांगले जंतू धरायला हवेत. माशांची घाण ते खातात. ते नसताना मासे सोडले तर मासे मरतात."

"मग जंतू आणायचे कुठून?"

"ते आपोआप येतात. फक्त त्यांना खायला लागतं. मी कामावर गेले की तुम्ही दुपारी माशांच्या खाण्याचे चिमूटभर दाणे टाकाल ना?"

आता बोला. आयुष्यभर माणसांना वाढलं, म्हातारपणी रिकाम्या टाकीला जेवू घालायची पाळी आली. पडदे न्यायला आलेल्या गिऱ्हाईक बाईंनी मला बघितलं एकदा. मी पाण्यात दाणे टाकतेय, त्या काचेला नाक लावून मासे शोधतायत. म्हणाल्या, "दिसत नाहीत हो." मी म्हटलं, "अजून आलेले नाहीत." त्यांनी पडदे घेतले आणि शिलाई किती ते न विचारताच पैसे ठेवून भराभर निघून गेल्या. बरोबर आहे त्यांचं. मलाच माझं काही कळत नव्हतं, त्यांना काय कळणार?

संध्याकाळी ती घरी आली की आधी पाणी तपासायची. काचेच्या नळीत पाणी, त्यात थेंब, मग नळी हलवून रंग बघायचा. हिरवा म्हणजे वाईट, पिवळा म्हणजे चांगलं. हिरवा आला की हिचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणा जवळच्या माणसाचा रिपोर्ट हातात आहे. मध्येच चिरंजीवांचा फोन यायचा, "बोललीस?" मी बाल्कनीत जाऊन हळूच म्हणायचे, "बोलते." तिकडे पाणी तयार होईना आणि इकडे माझे शब्द.

एकदाचा रंग पिवळा आला. ती नळी घेऊन थेट माझ्या मशीनपाशी धावत आली. "आई, बघा! बघा ना!" एवढी खुलली होती की मी बघितलं आणि "अगदी पिवळाजर्द" म्हटलं, आणि फोनचं सांगायचं पुन्हा राहिलं.

मासेवाल्याकडे आम्ही दोघी गेलो. त्याच्या दुकानात भिंतीभर टाक्या, जमीन कायम ओली, आणि त्याच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. बोलणं सगळं लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं.

"सहा न्या, ताई," तो सुनेला म्हणाला. "जोडी आपण लावायची नसते. त्यांची ती लागते. लागली की बाकीचे परत आणून द्या."

"यात नर कुठला आणि मादी कुठली?" मी विचारलं.

"ते दिसण्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, मावशी. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली नळी दिसते. मादीची बोथट, नराची टोकदार. तोवर आपण गप्प बसायचं."

गप्प बसणं हे माझ्याच्याने होत नाही. एक ती गोष्ट सोडली तर.

सहा मासे आले. रुपेरी, काळे पट्टे, वर-खाली लांब पंख. दिसायला देवदूत आणि स्वभावाने नुसते भांडकुदळ! हा त्याला ढुशी देतोय, तो तिसऱ्याचा पंख ओढतोय. सुनेने फरशीच्या टाइलचा एक तुकडा आत तिरपा उभा केला होता, त्यावर अंडी घालतात म्हणे. ती दिवसभर लॅबमध्ये. टाकीशेजारी बसलेली मी. त्यामुळे कोण कुणाचं काय करतंय ते सगळं मला ठाऊक. त्या सहांमधले दोघं असे निघाले की एकमेकांना कधी म्हणून लागले नाहीत. एक टाइल चाटूनपुसून साफ करायचा, मग दुसरा करायचा. कोणी तिसरा जवळ आला की दोघं मिळून त्याला पिटाळायचे.

"ही बघ तुझी जोडी," मी सुनेला सांगितलं. "बाकीचे चौघं देऊन टाक."

"इतक्यात नको. नळी तर दिसू दे."

"नळी कशाला हवी? भांडत नाहीत ती जोडी. इतकी वर्षं नवरा-बायकांची मापं घेतेय, मला एवढं कळत नाही होय? आणि त्या चौघांचे हाल बघ. पंखांच्या चिंध्या झाल्यात बिचाऱ्यांच्या."

ती जरा घुटमळली, मग चौघांना पिशव्यांत भरून देऊन आली. माझा शब्द ती सहसा मोडत नाही. मोडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर लवकरच टाइलवर अंडी दिसली. साबुदाण्यापेक्षा लहान, ओळीने चिकटवलेली, आणि किती म्हणून सांगू! टाइल पुरेना. मी मशीन बंद करून तिला लॅबमध्ये फोन केला, जो मी कधी करत नाही. ती घाबरून "काय झालं?" म्हणाली, मी म्हटलं, "अगं, झाली! अंडी झाली!" संध्याकाळी दोघी खुर्च्या टाकून टाकीसमोर बसलो. दोन्ही मासे अंड्यांवर पंखांनी वारा घालत होते, आळीपाळीने. एक दमला की दुसरा. मी म्हटलं, असा नवरा मला मिळाला असता तर! ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तो यायचंय म्हणतोय हे आता सांगून टाकावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण हसणारं माणूस कोण रडवणार?

दोन दिवसांत अंडी पांढरी पडायला लागली. एकेक करत सगळी. जणू कुणी पिठाच्या कणांनी टाइल भरून ठेवली. तिने पुस्तकं चाळली, पाणी तपासलं, पुढच्या खेपेला बुरशीचं निळं औषध घातलं, सगळी टाकी निळी झाली. अंडी पुन्हा तेवढीच भरघोस आणि पुन्हा पांढरीफटक.

त्या दिवशी ती मोरीपाशी उभी राहून टाइल घासत होती आणि घासता घासता हमसून हमसून रडायला लागली. मी हबकले. चिरंजीव गेले तेव्हा ही अशी रडली नव्हती. तेव्हा तिने कोरड्या डोळ्यांनी त्याचे शर्ट घडी करून दिले होते. आणि आता माशांच्या अंड्यांपायी?

"अगं, वेडी का तू? माशांची अंडी ती."

"माझ्याच हातात काही नाही, आई. तो म्हणायचा तेच खरं."

"काय म्हणायचा?"

"तुझ्याजवळ काही रुजत नाही म्हणायचा. डॉक्टर सांगत होते दोघांची तपासणी करा. तो आलाच नाही कधी. मला एकटीलाच पाठवायचा, आणि घरी आलं की हे."

मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. एका छपराखाली राहून! ती दोघं मूल लांबवतायत अशी माझी समजूत. तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण आमच्यात तशी सवय नाही. मी तिच्या हातातली टाइल घेतली आणि स्वतः घासायला लागले. आणि मग त्या मासेवाल्याचा असा राग आला! म्हटलं, चल, त्याने आजारी जोडी गळ्यात मारलीय आपल्या.

मासेवाल्याने सुनेच्या मोबाइलवरचं चित्रण बघितलं. अंडी घालतानाचं होतं. पुन्हा बघितलं. मग मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि खो खो हसायला लागला.

"हसताय काय? आमचं इथे नुकसान होतंय!" मी ओरडले.

"मावशी, दोघींची नळी बोथट आहे. या दोन्ही माद्या आहेत! म्हणून तर एवढी अंडी. दोघी घालतात."

"अहो, पण दोघी आळीपाळीने वारा घालतात. राखण करतात. टाइल पुसतात."

"पुसणारच. जोडीला नर मिळाला नाही की कधी कधी दोन माद्या मिळून संसार करतात. झकास करतात. फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत, एवढंच." मग तो सुनेला म्हणाला, "तुमच्या पाण्याला काही झालेलं नाही, ताई. तुमचं सगळं व्यवस्थित आहे. यातली एक मला आणून द्या, मी नर देतो."

तुमचं सगळं व्यवस्थित आहे, हे ऐकताना सुनेने डोळे मिटून घेतले. मी पाहिलं. चूक तर माझी होती, जोडी मी ठरवली होती. आता ही मला बोलणार म्हणून मी तयारीत होते. घरी येताना रस्त्यात ती एकदम हसायला लागली. मीही हसले. माणसं वळून वळून बघायला लागली. मग घराच्या जिन्यावर ती म्हणाली, "रविवारी एक देऊन येते."

"हो," मी म्हटलं.

"एकीला जावंच लागेल ना. त्याशिवाय पुढचं काही व्हायचं नाही."

ही माशांचं बोलतेय की आणखी कशाचं? जिन्यावर अंधार होता, तोंड दिसेना. मला वाटतं, तेव्हा मी तिचा हात धरून सरळ विचारायला हवं होतं. मी पिशवीत किल्ली शोधत राहिले. आणि दुसऱ्या दिवशी चिरंजीवांचा फोन, "आई, तुझं बोलणं व्हायचं तेव्हा होईल. मी रविवारी येतोय."

तरी मी तिला सांगितलं नाही. रविवार उजाडेपर्यंत तळ्यात-मळ्यात चाललं होतं माझं. स्वयंपाक मात्र तिघांचा केला, ताटंही तीन मांडून ठेवली.

आंघोळ करून बाहेर येते तो घर शांत. तिची खोली उघडी, अंथरुणाची घडी नीट. दारामागच्या खुंटीवरची तिची मोठी बॅग नाही. टाकीत बघितलं तर एकच मासा, टाइलसमोर इकडून तिकडे, इकडून तिकडे. मी हाक मारली. घर ते केवढं, दोन खोल्यांचं, हाक मारायची काय गरज? पण मारली. मग खुर्चीत बसले आणि माझ्या लक्षात आलं की ती गेली. तिला कुणीतरी सांगितलं असणार, आणि ती बापडी वाद नको म्हणून आपणहून गेली.

दाराची घंटा वाजली. मी धावले. दारात चिरंजीव, दोन्ही हातांत बॅगा. वाळला होता. केस पिकले होते कानांपाशी. मी त्याच्या गालावर हात फिरवला, आत घेतलं. पाणी दिलं.

"ती कुठेय?"

"माहीत नाही. सकाळपासून नाहीये."

त्याने तिच्या खोलीत डोकावलं. "गेली वाटतं. चला, सुटलं आपोआप. तू कशाला रडतेस?"

मी रडतेय हे मला त्याने सांगितल्यावर कळलं. हात लावून बघितला तर तोंड सगळं ओलं. मुलगा इतक्या वर्षांनी समोर बसलाय, आणि मी रडतेय कुणासाठी?

"आणि हे काय आणून ठेवलंय?" तो टाकीवर बोटाने टकटक करत म्हणाला. मासा बिचकून मागे गेला. "हे काढून टाकू. इथे माझं टेबल बसेल."

"ती हलत नाही," मी म्हटलं.

"पाणी उपसलं की हलेल."

"नाही उपसायचं."

तो माझ्याकडे बघायला लागला. मीही त्याच्याकडे बघत होते. इतके दिवस जे मला कळत नव्हतं ते तेव्हाही सगळं कळलं असं नाही. पण एवढं कळलं की तो बसल्या बसल्या जे बोलतोय त्यातलं मला काहीही नकोय.

"डॉक्टरकडे तू का नाही गेलास रे?" मी विचारलं.

त्याचा चेहरा पडला. "हे तिने सांगितलं का तुला? आता काय संबंध त्याचा?"

"संबंध नसेल. हात धू, जेवून घे. आणि मग तुझी राहायची सोय बघ कुठेतरी. इथे नको."

"आई, मी तुझा मुलगा आहे! मी की ती?"

"तू आहेस ना. तू माझा मुलगा आहेस, आणि कुठेही राहिलास तरी मुलगाच राहशील. तिचं तसं नाही रे. ती या दारातून गेली की तिचं-माझं काही उरत नाही."

तो जेवला नाही. मी डबा भरून दिला, तो त्याने घेतला. जिना उतरताना बॅगा कठड्याला आपटत होत्या आणि प्रत्येक आवाजाला मला वाटत होतं, हाक मारावी. माझाच तो. तापात माझ्या मांडीवर झोपलेला. मी दाराची चौकट धरून उभी राहिले आणि हाक मारली नाही. आता मुलगाही गेला आणि सूनही. तेलही गेलं, तूपही गेलं. घरात एक मासा आणि मी.

किती वेळाने कोण जाणे, जिन्यावर तिची पावलं वाजली. मी उठायच्या आत ती आत आली. खांद्यावर ती मोठी बॅग. बॅगेतून तिने टॉवेलात गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत पाणी आणि पाण्यात मासा. तोच, सकाळी नेलेला.

"दिली नाही," ती म्हणाली. "दुकानापर्यंत गेले. त्याने नरही काढून ठेवला होता. मला नाही देववली, आई. इतका वेळ बाकावर बसून राहिले दुकानाबाहेर."

"बॅग कशाला न्यायची एवढी?" मी तिच्यावर खेकसलेच. "माणसाने काय समजायचं?"

"पाणी गार होऊ नये म्हणून." मग तिने जेवणाच्या तीन ताटांकडे बघितलं. "तो येऊन गेला?"

मी थक्क झाले. "तुला ठाऊक होतं?"

"टाकी आणायच्या आधीपासून. त्याने मलाही फोन केला होता. मी नाही म्हटलं त्याला. पण घर तुमचं. मुलगा तुमचा. मी राहू का, हे तुम्हाला विचारायचं कसं? म्हणून म्हटलं, टाकी आणून बघावी. नको असेन तर तुम्ही टाकीला नको म्हणाल."

"आणि मी?"

"तुम्ही उठून मशीन सरकवलंत. मला वाटलं, राहा म्हणताय. मग तुम्ही फोन आला की बाल्कनीत जाऊन बोलायला लागलात. मग वाटलं, जा म्हणताय. काही कळेचना."

इतके दिवस मी हिच्या तोंडाकडे बघून हिला काय हवंय ते शोधत होते, आणि ही माझ्या तोंडाकडे. दोघींची एकच गत! मला हसावं की हिच्या पाठीत एक धपाटा घालावा कळेना. शेवटी धपाटाच घातला, हलकासा, आणि हात तिथेच ठेवला.

"त्याला पाठवलं मी," मी म्हटलं. "इथे नको म्हणून सांगितलं."

तिने पिशवी दोन्ही हातांनी उराशी घेतली.

"आई, मी कोर्टात जाऊन त्याच्यापासून मोकळी होणार आहे. मग मी तुमची सून नाही राहणार."

"नको राहूस."

"मग इथे कोण म्हणून राहू? लोक विचारतील. तुमची मी कोण?"

मला पटकन सुचेना. मुलगी म्हणणार होते, पण सुनेला मुलगी म्हणणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. मैत्रीण म्हणावं तर ती मला अहो-जाहो करते. भाडेकरू म्हणावं तर माझीच जीभ झडेल. आपल्या भाषेत नात्यांना इतके शब्द, आत्या, मावशी, नणंद, जाऊ, विहीणसुद्धा, आणि हिच्यासाठी एक नाही. मी अगदी मनापासून शोधला. ती वाट बघत उभी होती, पिशवी छातीशी धरून.

"मला नाही माहीत गं," मी म्हटलं. "ठरवू आपण. आधी तिला पाण्यात सोड, दमली असेल ती."